नारिंगी दिवस

डेल्फिनो आर्चुलेटा एकोणीस वर्षं तुरुंगात होता, पण कैदी म्हणून नव्हे, पहारेकरी म्हणून. हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या सान सेलेडोन गावात ‘अमका आत होता’ म्हटलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत, आपल्या मनानेच काय ते ठरवून मोकळे होतात.

दोन वर्षांपूर्वी तुरुंग बंद झाला. ज्या कंपनीचा होता तिने एका आठवड्यात कुलपं काढली, गाद्या विकल्या, दोनशे माणसांना घरी बसवलं. निम्मे दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर गेले. तिथे पत्र्याच्या खोलीत सहा-सहा जण राहतात आणि महिन्यातून एकदा घरी येतात. डेल्फिनोही जाणारच होता. पण त्याच्या बायकोने, रमोनाने, कपाटाच्या तळातून त्याची जुनी पदवी काढली. पोरसवदा वयात मिळवलेली, गणिताची. शाळेत वर्षभर गणिताचं माणूस नाही, मुलं नुसते छापील कागद भरत बसलीत, असं ती कामाला होती त्या दवाखान्यात रोज मुलांच्या आयांकडून ऐकत होती. तिने पदवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, जा, विचारून तर बघ.

ह्या वाटेला सरकारी कागदात ‘पर्यायी परवाना’ म्हणतात. शाळेतली जुनी मंडळी तिला मागचं दार म्हणतात. आधी चार वर्षं शिक्षणशास्त्र शिकायचं आणि मग वर्गात पाऊल टाकायचं, ही पुढच्या दाराची रीत. मागच्या दाराने आलेल्याला आधी वर्गात ढकलतात. शिकवायचं कसं ते त्याने शनिवारी शिकायचं, सोमवारी पोरांवर करून बघायचं. वर्षातून तीनदा मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसतात, बघतात, लिहितात. तिसऱ्या वेळी त्यांनी सही केली तर परवाना पुढे चालू, नाही तर मे महिन्यात नमस्कार. पोहता न येणाऱ्याला तलावात ढकलून काठावरून पोहण्याची पुस्तिका वाचून दाखवावी, तसा हा प्रकार. पण दुसरं करणार काय, माणूस मिळत नाही.

आता गंमत ऐका. बाराशे कैद्यांच्या गराड्यात एकोणीस वर्षं वावरलेला हा माणूस पंधरा-सोळा वर्षांच्या सव्वीस पोरांना भ्यायला. थोडाथोडका नाही, चांगला हातपाय गळेपर्यंत. ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी शाळेच्या आवारात ट्रक उभा करून तो बारा मिनिटं आतच बसून राहिला होता. तुरुंगात कुणाला भ्यायचं आणि कधी, हे ठरलेलं असतं. इथे काहीच ठरलेलं नव्हतं. पोरं हसत, का हसतात ते कळत नसे. गप्प बसत, तेही कळत नसे. ‘मिस्टर’ म्हणत, इथे सगळ्याच मास्तरांना म्हणतात तसं, आणि त्या एका शब्दानेच त्याच्या मानेवरचे केस उभे राहत.

भ्यायलेला माणूस करतो काय, तर जे येतं तेच करतो. डेल्फिनोला पहारा येत होता. तास सुरू होताना तो दारात उभा राही आणि एकेकाला आत घेताना मोजे. बसल्यावर पुन्हा मोजे. दर पंधरा मिनिटांनी आणखी एकदा, ओठ न हलवता. हात बाकावर दिसले पाहिजेत. बाहेर जायचं तर चिठ्ठी, चिठ्ठीवर मिनिटासकट वेळ. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पाठ भिंतीला. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका जमादाराने त्याला सांगितलं होतं की इथे नंतर काय वाटेल ते शिक, आधी पाठ दाखवायची नाही हे शीक. त्याच जमादाराला पुढे घासून टोकदार केलेल्या दात घासायच्या ब्रशने कुणीतरी मागून भोसकलं, त्यामुळे शिकवण अगदी हाडात बसली.

पण फळ्यावर लिहायचं तर पाठ दाखवावीच लागते. ह्यावर त्याने तोड काढली. वर्गात एक छोटा कॅमेरा होता. खाली कागदावर लिहिलं की वर पडद्यावर मोठं दिसायचं. डेल्फिनो तोंड पोरांकडे करून कागदावर लिही. गणित बिनचूक, अक्षर सुरेख. पांढरा फळा मात्र ऑगस्टपासून कोरा करकरीत होता.

हे पकडलं शेजारच्या वर्गातल्या युफेमिया सिस्नेरोस बाईंनी. चौतीस वर्षं इतिहास शिकवून त्यांचे गुडघे गेले होते, जीभ नव्हती गेली. नव्या मास्तराला हाताला धरून शिकवायचं काम शाळेने त्यांच्याकडे दिलं होतं. चाळिशी उलटलेल्या डेल्फिनोलाही त्या ‘मिहो’ म्हणत, आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या आपल्या पोरांना म्हणतात तसं, आणि लगेच पुढे दोन टोमणे हाणत.

ऑक्टोबरमध्ये मुख्याध्यापिका लोवाटो बाई पहिल्यांदा येऊन बसल्या. त्यांनी लिहिलं: शिस्त उत्तम, वर्गात शिकण्याचा आवाज ऐकू आला नाही. जानेवारीत दुसऱ्यांदा आल्या. लिहिलं: मुलं मास्तरांना घाबरतात की मास्तर मुलांना, हे कळत नाही, पण शिकवणं पुरेसं नाही. दोन्ही खेपांना नापास. तिसरी तारीख होती मार्चमधला दुसरा गुरुवार, चौथा तास, बीजगणित.

“मिहो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस,” सिस्नेरोस बाई म्हणाल्या. “तू त्यांच्याकडे पाठ करत नाहीस म्हणून ती तुझ्या मागे लागल्यासारखी वाटतात. एकदा कर पाठ. फार तर कागदाचा बोळा मारतील. मला चौतीस वर्षांत किती लागले ते मोजलेसुद्धा नाहीत.”

डेल्फिनोने मान हलवली. खरं कारण मात्र त्याने बाईंना सांगितलं नाही. सगळ्याच पोरांची भीती होती, पण एकीची वेगळी होती.

तिचं नाव मारिसेला ओलिव्हास. खिडकीकडची तिसरी रांग, दुसरं बाक. सोळा वर्षांची, सडपातळ, बोलणं मोजकं, गणितात वर्गात पहिली. सप्टेंबरमध्ये पोरांचे माहितीचे कागद लावताना डेल्फिनोच्या हातात तिचा कागद आला. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्यापुढे लिहिलं होतं: आजी, क्लिओफास ओलिव्हास. ते नाव त्याने पूर्वी एकदा फाटकावरच्या नकारांच्या वहीत लिहिलं होतं.

सात वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. भेटीचा शनिवार, आणि फाटकावर डेल्फिनोची पाळी. एक म्हातारी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आली होती, साडेतीन तास गाडी हाकत. तेव्हा त्या दोघी उत्तरेला डोंगरात राहायच्या. पोरीच्या अंगात नवाकोरा हाताने विणलेला स्वेटर होता, आणि तो नारिंगी होता. कैद्यांचे कपडे नारिंगी, म्हणून भेटायला येणाऱ्याने नारिंगी घालायचं नाही, असा नियम. गर्दीत कोण आतला आणि कोण बाहेरचा हे एका नजरेत कळलं पाहिजे. नियम फळीवर रंगवलेला होता, डेल्फिनोने त्याच्याकडे बोट केलं. म्हातारी म्हणाली, काढते की स्वेटर, आणि पोर तो काढायलाही लागली. आत नुसती बिनबाह्यांची बंडी होती. बिनबाह्यांचं चालत नाही, तोही नियम. गाडीत दुसरं काही नव्हतं, सगळ्यात जवळचं दुकान तीस मैलांवर, आणि भेटीची वेळ दोन वाजता संपत होती. म्हातारीने हात जोडले नाहीत, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली की नऊ वर्षांची पोर आहे हो, तिला कोण कैदी समजेल. डेल्फिनोने पुन्हा फळीकडे बोट केलं. दोघी परत गेल्या. त्याच आठवड्यात पोरीच्या बापाला दुसऱ्या राज्यातल्या तुरुंगात हलवलं. पुढची चार वर्षं पोरीला बापाचं तोंड दिसलं नाही, हे डेल्फिनोला फार नंतर कळलं.

सही करून नोंदवलेले नकार त्याने शेकड्यांनी दिले होते, पण लक्षात राहिला तो एवढाच. का राहिला ते विचारू नका. त्याला तरी कुठे ठाऊक होतं.

ती ओळखते का? खाई त्याला खवखवे. ती वर बघायची तेव्हा त्याला वाटे, ओळखलं. खाली बघायची तेव्हा वाटे, नक्कीच ओळखलं. सहा महिने त्याने तिला एक प्रश्न विचारला नाही, एकदा फळ्यापाशी बोलावलं नाही. तिच्या वहीवर लाल खूण करताना त्याचा हात जड व्हायचा. रमोनाला तो एकदाच बोलला. ती म्हणाली, जा आणि सांग तिला. तो म्हणाला, सांगितलं आणि तिने ते लोवाटो बाईंसमोर काढलं, तर? मागच्या दाराने तुरुंगवाला आला, त्याने हिला बापाला भेटू दिलं नव्हतं, अशी गावभर बोंब होईल. मग सही कोण करेल? रमोनाने त्याच्या ताटात आणखी एक टॉर्टिया वाढला.

आणि मग मंगळवारी आमची पोरं जिंकली.

बास्केटबॉलचा संघ अकरा वर्षांनी राज्याच्या उपांत्य फेरीत पोचला. आता आमच्या शाळेचा रंग नारिंगी आहे, आणि तो तुरुंगाच्याही आधीपासून. तुरुंग नंतर आला आणि त्यानेही तोच उचलला. ह्यावर गावात पुष्कळ विनोद आहेत, सांगण्यासारखा एकही नाही. संघ राज्यात खेळतो त्या दिवशी शाळेत नारिंगी दिवस असतो. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांनी नारिंगी घालायचं. ज्याने घातलं नसेल त्याला वर्गापुढे उभं करून शाळेचं गाणं म्हणायला लावतात, मग तो कोणीही असो. लोवाटो बाई स्वतः लहानपणी ते गायल्या होत्या असं सांगतात. बुधवारी दुपारी भोंग्यावरून जाहीर झालं: उद्या, गुरुवारी, नारिंगी दिवस. बारा वाजता बसेस सुटतील. तोवरचे तास नेहमीप्रमाणे.

गुरुवारी पहाटे रमोनाने नारिंगी सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. कुठून आणला देव जाणे. डेल्फिनोने तो हातात घेतला, गळ्याजवळ धरला, आणि घडी करून ट्रकमध्ये टाकला. अंगात घालवेना. पांढराच सदरा घालून तो शाळेत गेला. बाहेर वारा सुटला होता, मार्चचा, धुळीचा. दारापाशी वाळलेल्या झुडपांचे गोळे येऊन अडकले होते. ते त्याने पायाने बाजूला केले आणि वर्ग उघडला.

टेबलावर कॅमेरा नव्हता.

कॅमेऱ्याच्या जागी पिवळी चिठ्ठी होती. ‘मिहो, कॅमेरा मला हवाय. फळा तुझ्याकडेच आहे. सिस्नेरोस.’

तो शेजारी धावला. शेजारच्या वर्गाला कुलूप होतं, कारण म्हातारी सकाळीच मैदानावर झेंडे लावायला गेली होती, आणि तिचा फोन कधी लागतच नसे. पहिले तीन तास त्याने पोरांना पुस्तकातली उदाहरणं सोडवायला देऊन काढले. अकराला पाच कमी असताना चौथ्या तासाची घंटा झाली. तो दारात जाऊन उभा राहिला, नेहमीसारखा.

पोरं आली. एक नारिंगी, दोन नारिंगी, तीन. काहींनी तोंडंही रंगवली होती. एकाने अंगभर नारिंगी झबलं चढवलं होतं, थेट आतल्यासारखं. दहा, अकरा, बारा. डेल्फिनोचा श्वास उथळ व्हायला लागला. ही पोरं आहेत, तो स्वतःला सांगत होता, ही पोरं आहेत, बापा. पण डोळे ऐकत नव्हते. डोळ्यांना एकोणीस वर्षं एकच शिकवलं होतं, की नारिंगी दिसलं की हात बघ. तो हात बघत होता. वीस, एकवीस. लोवाटो बाई आल्या, नारिंगी शाल, काखेत संगणक. हसून आत गेल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. पंचवीस.

सव्विसावी मारिसेला. तिच्या अंगात करडा स्वेटर होता. ती दारात क्षणभर थांबली, त्याच्याकडे न बघता, आणि आत गेली.

आता तर त्याला वेगळंच भय वाटलं. सगळा वर्ग नारिंगी आणि ही एकटी नाही. ही ओळखते. शंकाच नको.

तास सुरू झाला. कॅमेरा नाही म्हणून फळ्याशी जाणं भाग होतं. तो गेला, पण खेकड्यासारखा, आडवा. डावा खांदा फळ्याला, उजवा डोळा पोरांवर, आणि हात वाकडा करून लिहिणं. अक्षर अगदी गेलं. एक्सचा वर्ग वजा सहा एक्स अधिक पाच बरोबर शून्य. हे वर्ग पूर्ण करून सोडवायचं होतं. दुसऱ्या ओळीत पाच पलीकडे नेला, तिसऱ्या ओळीत दोन्हीकडे नऊ मिळवले. तळहात इतके ओले झाले होते की मार्कर घसरत होता. मागून लोवाटो बाईंची बोटं टकटक वाजत होती. काय लिहीत असतील?

तेवढ्यात डॅनिका ग्रिएगोचं लक्ष गेलं. डॅनिका म्हणजे संघातल्या उंच पोराची बहीण, तोंडावर नारिंगी पंजा रंगवलेली, घसा ओरडून बसलेला. मनाने वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. ती उठलीच. “मारिसेलाने नारिंगी घातलेलं नाही, मिस्टर. रीत म्हणजे रीत. गाणं झालंच पाहिजे.”

मागून कुणी बाक वाजवायला लागलं. गा, गा, गा. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. मारिसेलाने मान खाली घातली होती. डेल्फिनोने आशेने लोवाटो बाईंकडे बघितलं. त्या हसत होत्या, त्यांनीही एक-दोन टाळ्या वाजवल्या. हेच तर त्यांना हवं होतं की, वर्गात जरा आवाज, जरा गंमत.

त्या वेळी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगणं अवघड नाही. थांबवलं तर पुन्हा तोच पहारेकरी, तिसऱ्या खेपेलाही. शिस्त उत्तम, शिकवणं अपुरं, आणि जा विहिरींवर. न थांबवलं तर काय, पोर दोन मिनिटं गाणं म्हणेल. कोणी मरत नाही. लोक हसतील, बाई हसतील, सही होईल. इतकं सोपं होतं. आणि मारिसेला हळूच उठायला लागली, बाकाला धरून, अगदी तशीच, जशी नऊ वर्षांची असताना स्वेटर काढायला लागली होती.

“बस खाली,” डेल्फिनो म्हणाला.

टाळ्या विरल्या. लोवाटो बाईंचं हसू थांबलं. त्याचा आवाज तुरुंगातला निघाला होता, त्याचा त्यालाच ऐकू आला. त्याने घसा साफ केला. एका हाताने फळ्याची कड धरली.

“ह्या वर्गात स्वेटरच्या रंगावरून कुणाला उभं करायचं नाही,” तो म्हणाला. “रीत मोडायची नाही, तर मीही नारिंगी घातलेलं नाही. मी गातो.”

वर्गात एकच हलकल्लोळ झाला. मिस्टर गाणार. झबलंवाला बाकावर चढला. डेल्फिनो ‘उतर’ म्हणाला, पण हळू. आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याला गाणं येतच नाही. तो ह्या शाळेत शिकला नव्हता, सामन्यांना कधी गेला नव्हता.

“शब्द वर लिहिलेत की, मिस्टर,” डॅनिका म्हणाली. “तुमच्या मागे. फळ्याच्या वर. कायमच आहेत.”

सहा महिने तो त्या भिंतीला पाठ लावून उभा होता. तिथे काय लिहिलंय हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

वाचायचं तर वळायला हवं होतं. पूर्ण, दोन्ही खांद्यांनी. त्याने पुन्हा एकदा सगळ्यांचे हात बघितले. पंचवीस नारिंगी आणि एक करडा. मग तो वळला.

असं भय त्याला तुरुंगातही कधी वाटलं नव्हतं, हे त्याने पुढे रमोनाला सांगितलं. मान उघडी पडल्यासारखी झाली. मागे कुणीतरी हललं, खुर्ची घासली, कुणी खुसखुसलं, आणि प्रत्येक आवाजागणिक त्याच्या पाठीची कातडी आकसत गेली. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. त्याने तोंड उघडलं. पहिली ओळ निघाली ती बेडकासारखी. दुसऱ्या ओळीला चालच सापडेना. तिसऱ्या ओळीला मागून एक आवाज मिसळला, मग पाच, मग सगळे, आणि बाकांवर ठेका. त्याला काही टोचलं नाही. कागदाचा बोळासुद्धा आला नाही. शेवटची ओळ त्यांनी त्याच्यासाठी दोनदा म्हटली, कारण तो एकदा मागे पडला होता.

गाणं संपलं तरी तो वळला नाही. खरं म्हणजे पाय हलेनात. तो नुसता फळ्याकडे बघत उभा राहिला, आपल्याच वाकड्या अक्षराकडे.

“मिस्टर, दुसऱ्या ओळीत चूक आहे.”

मारिसेलाचा आवाज. सहा महिन्यांत पहिल्यांदा न विचारता आलेला. त्याने ओळ वाचली, पुन्हा वाचली. काही दिसेना. मागे खुर्ची सरकली. पावलं आली, रांगेतून, त्याच्या मागे, अगदी जवळ. तो हलला नाही. वळायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. जे व्हायचं ते होवो. त्याच्या खांद्यावरून एक करडी बाही पुढे आली. हातात डस्टर होता.

“पाच पलीकडे गेला, पण तुम्ही चिन्ह बदललं नाही,” ती म्हणाली. तिने अधिक पुसून वजा केलं. “आता उजवीकडे चार येतात.”

“मग पुढे?” डेल्फिनोने विचारलं.

तिने मार्कर मागितला. त्याने दिला. ती पुढचं सोडवत गेली, मध्येच डॅनिकाने विचारलं की नऊच का मिळवले, दुसरं काही का नाही, आणि मारिसेलाने वळून तिला समजावलं. कुणीतरी म्हणालं, अजून कळलं नाही. झबलंवाला म्हणाला, मला कळलं, मी सांगतो. डेल्फिनो बाजूला सरकला. पंधरा मिनिटं वर्गात नुसता कलकलाट होता आणि तो सगळा गणिताचा होता. उत्तर आलं, पाच आणि एक.

घंटा झाली. पोरं बसेसकडे पळाली. लोवाटो बाई संगणक मिटून दारापर्यंत आल्या. “गाणं भयंकर म्हटलंत,” त्या म्हणाल्या. “उरलेली पंधरा मिनिटं शिकवणं होतं. सही करते.” आणि शाल सावरत त्याही मैदानाकडे गेल्या.

डेल्फिनो खुर्चीत कोसळला. मग त्याला दिसलं, मारिसेला अजून आपल्या बाकापाशी उभी आहे, दप्तर भरते आहे, सावकाश. भीती परत आली, पण आता तिच्यापासून पळायला जागा नव्हती.

“तो स्वेटर,” तो म्हणाला. “फाटकावरचा.”

“आजीने विणला होता,” ती म्हणाली. “बाबांना दाखवायला.”

“तू कधी ओळखलंस?”

“पहिल्या दिवशी. दारात उभे होतात ना, तसेच.”

“माझं चुकलं, मारिसेला.”

“हो,” ती म्हणाली. “चुकलं.” तिने दप्तराची चेन ओढली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही आणि त्यानेही मागितलं नाही.

ती निघायच्या आत त्याने विचारलं, “आज तू गप्प बसली असतीस तर ती चूक बाईंनी पकडली असती. मी गेलो असतो. मग बोललीस का?”

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. त्याला वाटलं होतं तसं तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. ती नुसती दमलेली दिसत होती.

“गेलं अख्खं वर्ष आम्हाला गणिताला माणूस नव्हतं, मिस्टर. रोज नवा कोणीतरी यायचा, कागद वाटायचा आणि फोन बघत बसायचा. मला कॉलेजला जायचंय, परीक्षा आहे. तुम्ही गेलात तर दुसरं कोणी येणार नाही. जानेवारीत तुम्ही नापास झालात हे कळलं तेव्हा मी घरी जाऊन रडले. आजी विचारत होती कुणासाठी रडतेस, तर मला तिला सांगताच येईना.” ती थांबली. “आज तुमच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते.”

बाहेर बसचे भोंगे वाजायला लागले. ती दारापर्यंत गेली आणि चौकटीपाशी थांबली, सकाळी थांबली होती तिथेच.

“एक करा, मिस्टर. उद्यापासून दारात उभे राहू नका. रोज तिथून आत येताना मला ते फाटक आठवतं.”

संघ त्या संध्याकाळी सात गुणांनी हरला. शुक्रवारी पोरं झोपाळलेली आणि चिडलेली होती. चौथ्या तासाची घंटा झाली तेव्हा डेल्फिनो फळ्यावर पहिलं उदाहरण लिहीत होता, तोंड फळ्याकडे, पाठ दाराकडे. भीती गेली नव्हती, मानेवरचे केस उभेच होते, मार्कर घामाने घसरत होता. मागून पोरं आत येत होती, बाकं सरकत होती. खिडकीकडच्या तिसऱ्या रांगेत दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पंचवीस आली की सव्वीस, ते त्याने मोजलं नाही.